नेट नसलेल्या गावात बाबांच्या टॅबवर बुद्धिबळाचा कुठला प्रोग्राम टाकू?

देवरुखची_लेक

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय तसा घरगुती आहे पण इथे बुद्धिबळातले जाणकार आहेत म्हणून विचारते.

बाबा ७१ वर्षांचे, देवरुखच्या पुढे आमचं गाव आहे तिथे आई-बाबा दोघंच असतात. बाबा आणि शेजारचे एक निवृत्त गुरुजी गेली तीसेक वर्षं रोज चारचा चहा झाला की पडवीत पट मांडून बसायचे ते दिवेलागणीपर्यंत. यंदा गणपतीनंतर गुरुजी मुलाकडे बडोद्याला गेले, कायमचेच. तेव्हापासून पट फळीवर आहे. बाबा काही बोलत नाहीत पण आई सांगते की चार वाजले की उगाच पडवीत येरझाऱ्या घालतात.

म्हणून दिवाळीच्या आधी आठ इंची अँड्रॉइड टॅब घेऊन दिला. त्यावर शोधून पहिलं जे वर आलं ते बुद्धिबळाचं ॲप टाकलं आणि तिथेच चुकलं. एक तर दर डावानंतर मोठ्या आवाजात जाहिरात, आणि नेट नसेल तर उघडतच नव्हतं. आमच्याकडे रेंज म्हणजे एक काडी, ती पण अंगणात आंब्याखाली उभं राहिलं तर. बरं ते सोडा, खेळाचं सांगते. पहिल्या पातळीवर त्याने चांगला चालू असलेला डाव मध्येच वजीर फुकट देऊन टाकला. बाबांनी पातळी दोनने वाढवली तर वीस चालींत मात. चार दिवसांनी त्यांनी टॅब कपाटात ठेवला आणि म्हणाले, "हा मुद्दाम हरतो, नाहीतर मुद्दाम जिंकतो. याच्याशी काय खेळायचं?"

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. तर मला असा प्रोग्राम हवाय जो नेटशिवाय चालेल, जाहिराती नसतील (एकदा पैसे भरायला ना नाही, दर महिन्याचं नको), सोंगट्या मोठ्या दिसतील कारण एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि मुख्य म्हणजे माणसासारखा खेळेल. बाबांना रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) वगैरे नाही, पण हत्ती-प्याद्यांचे शेवट चांगले खेळतात, ओपनिंगचं पाठांतर अजिबात नाही.

निळा_डोंगर

ताई सोप्पं आहे, स्टॉकफिश टाका. जगातलं सगळ्यात ताकदवान, फुकट, जाहिरात नाही. विषय संपला.

अडीच_घर

निळा_डोंगर, अहो त्या माउलींना ताकदवान नकोच आहे, परत वाचा.

देवरुखची_लेक, आधी एक गोंधळ दूर करतो कारण त्यात बरेच लोक अडकतात. इंजिन वेगळं आणि ॲप वेगळं. इंजिन म्हणजे नुसता विचार करणारा मेंदू, त्याला पटही नसतो नि सोंगट्याही नसतात. स्टॉकफिश हे इंजिन. पट दाखवणारं, बोटाने चाल घेणारं, डाव साठवणारं ते ॲप. एकाच ॲपमध्ये वेगवेगळी इंजिनं बसवता येतात, त्यामुळे "ॲप कुठलं" आणि "इंजिन कुठलं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

अँड्रॉइडवर नेटशिवाय, फुकट, एकही जाहिरात नसलेलं म्हणाल तर ड्रॉइडफिश. पीटर ऑस्टरलुंड नावाच्या माणसाने केलंय, सोर्स कोड खुला आहे, दिसायला अगदी साधं. त्यात स्टॉकफिश येतंच, शिवाय त्याच लेखकाचं कुकूचेस नावाचं दुसरं, खूप कमी ताकदीचं इंजिन पण येतं. मी बंगळुरूच्या बसमध्ये गेली काही वर्षं हेच वापरतोय.

आता बाबांच्या तक्रारीबद्दल. ते जे म्हणाले ना "मुद्दाम हरतो", ते तंतोतंत खरं आहे, म्हणजे आतून तसंच घडतं. स्टॉकफिशला कमी ताकदीवर लावलं की ते नुसता विचार कमी करत नाही, ते चांगल्या चार-एक चाली शोधून काढतं आणि मग त्यातली कुठली खेळायची हे ठरवताना थोडी यदृच्छा घालतं, पातळी जितकी खाली तितकी चुकीची चाल निवडायची शक्यता जास्त. म्हणजे दहा चाली ग्रँडमास्टरसारख्या आणि अकरावी चाल जिला काही कारणच नाही. माणूस असा चुकत नाही. माणूस चुकतो तेव्हा त्याच्या चुकीला कारण असतं, तो हल्ला करायच्या नादात असतो, मागे येणारा उंट त्याला दिसत नाही, घोड्याची उलटी उडी लक्षात येत नाही. बाबा तीस वर्षं एका माणसाशी खेळलेत, त्यांना तो फरक पहिल्याच दिवशी कळला यात नवल नाही.

दुसरा प्रकार असतो तो म्हणजे विचाराची खोली कमी करणं, दोन-तीन चालींपुढे बघूच द्यायचं नाही. त्यात उलटं होतं, तीन चालींच्या आतला डावपेच कधीच सुटत नाही पण चौथ्या चालीवर काय आहे याचा पत्ता नसतो. तेही माणसासारखं नाही, पण निदान सुसंगत असतं, आणि त्याला हरवायची युक्ती शिकता येते.

जुना_पाम

धागा वाचून एकदम पंचवीस वर्षं मागे गेलो. हा प्रश्न आम्ही लोक २००० सालीच विचारत होतो, फक्त तेव्हा हातात टॅब नव्हता, पामटॉप म्हणजे तळहातावर मावणारा छोटा संगणक होता.

माझ्याकडे पाम एम१०० होता. १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २ एमबी मेमरी, दोन बारीक सेल. पडदा काळा-पांढरा, १६० बाय १६० ठिपक्यांचा, म्हणजे पूर्ण पडदा पटाला दिला तर एका घराला वीस ठिपके येणार आणि त्यात घोडा आणि उंट वेगळे ओळखू यायला हवेत! डोंबिवलीहून सीएसटीला उभ्याने जाताना एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हातात पाम, काडीने चाल करायला हात रिकामाच नाही, म्हणून अंगठ्याच्या नखाने सोंगट्या हलवायचो. सेल संपले आणि वेळेत बदलले नाहीत तर मेमरीच पुसली जायची, एकदा त्यात माझे साठवलेले सगळे डाव गेले, ते अजून लागतं मनाला.

तेव्हा पर्याय मोजके होते पण एकेकाची घडण वेगळी होती. पॉकेटचेस फुकट होतं, सुरुवात त्याच्यापासून. मग चेस टायगर आलं, क्रिस्तोफ तेरोंचं. आणि रिचर्ड लँगचं चेस जीनियस. या लँगची गंमत अशी की तो १९८०च्या दशकात मेफिस्टो कंपनीच्या बुद्धिबळाच्या यंत्रांसाठी ६८००० जातीच्या प्रोसेसरवर प्रोग्राम लिहायचा, एकेक बाइट वाचवून. आणि पामचा प्रोसेसर निघाला त्याच घराण्यातला. पंधरा वर्षांपूर्वी टेबलावरच्या यंत्रासाठी शिकलेली काटकसर खिशातल्या यंत्राला उपयोगी पडली. याच जीनियसने १९९४ साली लंडनमध्ये पंचवीस मिनिटांच्या डावांत जगज्जेत्या कास्पारोव्हला स्पर्धेबाहेर काढलं होतं, अर्थात तेव्हा ते पेंटियमवर चालत होतं.

पैसेवाल्यांकडे पॉकेट पीसी असायचा, आमच्या ऑफिसात एकाकडे कॉम्पॅकचा आयपॅक होता, २०६ मेगाहर्ट्झ, रंगीत पडदा, त्यावर पॉकेट फ्रिट्झ. आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्याच्याभोवती उभे राहायचो.

पण सांगायचा मुद्दा वेगळाच. तेव्हा आम्ही प्रोग्राम ताकदीवरून निवडायचो आणि ते बरोबर होतं, कारण ताकद कमीच होती. तो प्रश्न २००९ मध्ये मिटला. ब्युनोस आयर्सला मेर्कोसुर चषक स्पर्धा झाली, तिथे पॉकेट फ्रिट्झ ४ एचटीसीच्या साध्या फोनवर खेळलं, आत मार्क युनियाकीचं हायार्क्स इंजिन होतं. १० पैकी साडेनऊ गुण. त्या स्पर्धेपुरतं रेटिंग काढलं तर २८९८. आणि सेकंदाला २० हजारांपेक्षाही कमी स्थिती तपासत होतं ते. १९९७ ला कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा महासंगणक डीप ब्लू सेकंदाला २० कोटी तपासायचा. म्हणजे बारा वर्षांत नुसता वेग वाढला असं नाही, विचार करायची पद्धत बदलली. त्या दिवसानंतर हातातल्या यंत्रासाठी "सगळ्यात ताकदवान कुठलं" हा प्रश्न विचारण्यात अर्थच उरला नाही, सगळीच आपल्याला हरवतात. उरला तो तुमच्या बाबांचा प्रश्न, की याच्याशी खेळायला मजा येते का.

माझं मत, चेस जीनियस बघा. अजून मिळतं, अँड्रॉइडवर आहे. जुन्या पद्धतीचं आहे, सोप्या पातळ्यांवर पण त्याची चाल बरीचशी समजून येते.

अडीच_घर

जुना_पाम काका, काय लिहिलंय! पामचा प्रोसेसर मेफिस्टोच्या घराण्यातला हे माहीत नव्हतं.

एक भर घालतो, विचार करायची पद्धत बदलली म्हणालात ती २०२० मध्ये परत एकदा बदलली. आधी इंजिनाला माणसं शिकवायची की दुप्पट प्यादी वाईट, उंटांची जोडी चांगली. मग स्टॉकफिश १२ पासून हा हिशेब छोट्या न्यूरल नेटवर्कने करायला सुरुवात झाली, ही युक्ती मुळात जपानी बुद्धिबळ म्हणजे शोगीसाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये काढली होती. मोठं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, साध्या प्रोसेसरवर चालतं, म्हणून फोनवरही चालतं.

पण जीनियसबद्दल थोडा असहमत. सोप्या पातळीवर तेही शेवटी कमी खोलीचाच खेळ खेळणार. काकांच्या आठवणी गोड आहेत त्यामुळे ते जास्त माणसासारखं वाटत असेल का?

जुना_पाम

असेलही. पण मी आजही रोज एक डाव खेळतो त्याच्याशी, आणि हरल्यावर मला कळतं की कुठे हरलो. स्टॉकफिशशी हरल्यावर फक्त एवढंच कळतं की हरलो.

पटावरची

मी शिकवते, सांगलीत, म्हणजे लहान मुलांना बुद्धिबळ शिकवते गेली अठरा वर्षं. आमच्याकडे घरटी एखादा तरी खेळणारा असतो, नूतन बुद्धिबळ मंडळाची आणि ते उभारणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांची पुण्याई. त्यामुळे "कुठलं ॲप घेऊ मॅडम" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो, आणि दिव्या देशमुख २०२५ ला बाटुमीत महिला विश्वचषक जिंकली तेव्हापासून तर रोज येतो.

मुलांच्या पालकांना जे सांगते तेच थोडं बदलून ताईंना सांगते. प्रतिस्पर्धी असा हवा की दहा डावांत चार-पाच तरी जिंकता यावेत, आणि हरलेले डाव थोडक्यात गेलेत असं वाटावं. सारखं हरलं तरी मन उडतं आणि सारखं जिंकलं तरी उडतं, वय आठ असो की एकाहत्तर. त्या दृष्टीने मी आजवर जे पाहिलंय त्यात श्रेडर चांगलं आहे. ड्यूसेलडॉर्फच्या स्टेफान मायर-काहलेनचं, हेच इंजिन जुन्या पॉकेट फ्रिट्झ २ मध्ये होतं, काकांना आठवत असेल. विकत घ्यावं लागतं पण नेट लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ते तुमच्या खेळावरून तुमचं रेटिंग काढत जातं आणि स्वतःची ताकद त्याप्रमाणे जुळवून घेतं. त्याच्या चुकाही बऱ्यापैकी माणसासारख्या असतात, म्हणजे फुकट वजीर देणार नाही पण दोन चालींचा डावपेच त्याच्या नजरेतून सुटेल.

सगळ्यात माणसासारखं म्हणाल तर माया. टोरोंटो विद्यापीठातल्या लोकांनी इतर संशोधकांबरोबर २०२० मध्ये आणलं. त्याला उत्तम चाल शिकवलीच नाही, लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर माणसांनी खेळलेले लाखो डाव दाखवले आणि विचारलं की ११०० रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल, १५०० चा काय खेळेल, १९०० चा काय खेळेल. अशा नऊ वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. माझी मुलं मायाशी खेळतात तेव्हा मला त्यांच्या वर्गमित्राशी खेळल्यासारखं वाटतं, चुका पण त्याच! पण सोप्या मार्गाने खेळायचं तर लिचेसवर जाऊन, म्हणजे नेट हवं. आंब्याखाली उभं राहून पूर्ण डाव होणार नाही.

आणि एक विचारू का ताई? गुरुजींकडे बडोद्याला फोन आहे ना?

देवरुखची_लेक

पटावरची ताई, गुरुजींकडे मुलाने घेऊन दिलेला स्मार्टफोन आहे, पण बाबांकडे रेंज नाही हाच तर प्रश्न. व्हिडिओ कॉल दोन मिनिटं पण टिकत नाही.

सगळ्यांचे प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवले. अजून दोन शंका. एक, बाबांना चालींची ती ए-बी-सी-डी वाली लिखावट वाचायची सवय नाही. त्यांनी कॉलेजात जुन्या इंग्रजी पुस्तकावरून शिकलेलं, त्यात "पी-के४" असं लिहायचे, राजाच्या समोरचं प्यादं चौथ्या घरात. दुसरं, टॅब खेळताना खूप गरम होतो आणि दुपारची बॅटरी संध्याकाळी संपते, वीज पण आमच्याकडे पावसात जाते.

सोलापुरी_हुरडा

बॅटरीचं मी सांगतो. सेटिंगमध्ये पाँडरिंग असा पर्याय असतो तो बंद करा. त्याचा अर्थ तुमची पाळी असताना पण इंजिन विचार करत राहतं. बाबा एका चालीला पाच मिनिटं विचार करत असतील तर ती पाच मिनिटं टॅबचा प्रोसेसर पूर्ण जोरात चालू असतो, तापणारच की. दुसरं, थ्रेड्स, म्हणजे प्रोसेसरचे किती भाग एका वेळी कामाला लावायचे तो आकडा, एकवर आणा. तिसरं, ॲनालिसिस मोड (यात इंजिन समोरची स्थिती तपासतच राहतं) चालू ठेवून टॅब बाजूला ठेवू नका, तो थांबत नाही स्वतःहून. एवढं केलं की माझा जुना फोन पण दिवसभर पुरतो.

पडद्याचा उजेड कमी करा हे सांगणार होतो पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हटल्यावर नको.

अडीच_घर

हुरडा भाऊंना +१.

लिखावटीचं, ती जुनी पद्धत फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, १९८१ पासून मानायची बंद केली, त्यामुळे आताच्या कुठल्या ॲपमध्ये मिळेल असं वाटत नाही. पण घराच्या नावाआधी अक्षराऐवजी सोंगटीचं चित्र दाखवायची सोय असते, ती लावा. घोड्यासाठी "एन" का, हे एकाहत्तराव्या वर्षी पाठ करायची गरज नाही, घोड्याचं चित्र दिसलं की झालं. आणि पटाच्या कडेला अक्षरं-आकडे दाखवायचा पर्याय चालू करा, आठ-दहा दिवसांत सवय होते, माझ्या आजोबांना झाली होती. पटाचे रंग बदलून गडद हिरवा आणि क्रीम करून बघा, ऑपरेशननंतर पांढराशुभ्र पडदा टोचतो डोळ्याला.

अजून एक गोष्ट सुचवतो कारण तुम्ही लिहिलंय की बाबा शेवट चांगले खेळतात. ड्रॉइडफिशला सिझिजी टेबलबेस जोडता येतात. पटावर मोजक्याच सोंगट्या उरल्या की त्या स्थितीचं अंतिम उत्तर आधीच काढून ठेवलेलं असतं, तिथे अंदाजाला जागा नाही. जिंकतं का, बरोबरी का, एवढंच. दोन राजे धरून पाच सोंगट्यांपर्यंतचा पूर्ण संच साधारण १ जीबीच्या आत येतो, मेमरी कार्डवर सहज बसतो. सहा सोंगट्यांचा मात्र दीडशे जीबीच्या घरात जातो, आणि सातचा १७ टीबीच्या आसपास, तो टॅबचं काम नाही. शहरातून कार्डवर भरून नेलात की नेटची गरज नाही.

निळा_डोंगर

पाच सोंगट्यांसाठी १ जीबी घालवायचा? एवढ्या थोड्या सोंगट्यांत इंजिनाला काय कळत नाही?

जुना_पाम

याचं उत्तर मी देतो. पामवर मी एक स्थिती नेहमी मांडून बघायचो, प्रत्येक नवीन प्रोग्रामची परीक्षा म्हणून. पांढऱ्याचा राजा, एच ओळीत एक प्यादं आणि पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट. काळ्याचा फक्त राजा, पण तो एच८ च्या कोपऱ्यात बसलेला. उंट आणि प्यादं जास्त असूनही ही बरोबरी आहे, कारण एच८ हे काळं घर, पांढऱ्या घरांचा उंट त्या कोपऱ्यातून राजाला कधीच हुसकावू शकत नाही. आपल्याकडे कट्ट्यावर बसणाऱ्या कुठल्याही जुन्या खेळाडूला हे ठाऊक असतं. आणि तेव्हाचा एक प्रोग्राम मला साडेतीन प्याद्यांची आघाडी दाखवायचा, ठाम! नुसतं बळ मोजत होता.

आताची इंजिनं तिथे सहसा फसत नाहीत, पण अशा माणसाच्या हातात यंत्र द्यायचं ज्याला शेवट कळतात, तर यंत्राने खोटं सांगता कामा नये. एकदा जरी खोटं सांगितलं तर तो पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

निळा_डोंगर

हे पटलं. मी पण कार्ड भरून घेतो.

पटावरची

ताई, रेंजचं मी विसरले नव्हते. गुरुजींशी पूर्ण डाव एका बैठकीत खेळायची गरजच नाही. लिचेसवर पत्रव्यवहाराचा डाव असतो, एका चालीला एक दिवस, तीन दिवस, पार चौदा दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. पूर्वी लोक पोस्टकार्डावर खेळायचे ना, तसंच. बाबांना दिवसातून एकदा आंब्याखाली जायचं, गुरुजींची चाल बघायची, आणि आपली पाठवायची. चाल म्हणजे चार अक्षरं, एक काडी रेंज भरपूर झाली. मधल्या वेळात पडवीत लाकडी पट मांडून ठेवायचा आणि त्यावर विचार करत बसायचं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, भाषांच्या यादीत मराठी पण आहे. २०१० मध्ये तिबो दुप्लेसी नावाच्या फ्रेंच माणसाने सुरू केलं, लोकांच्या देणग्यांवर चालतं.

एकच नियम दोघांनाही सांगा, त्या डावाची स्थिती टॅबवरच्या इंजिनाला विचारायची नाही. डाव संपल्यावर खुशाल विचारा. लिचेसचा तसा नियमच आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीस वर्षांच्या खेळाला ते शोभणार नाही.

आणि चाल मागे घेण्याबद्दल. रोजच्या डावात प्रोग्रामकडून चाल मागे घ्यायची सोय बंद करता आली तर करा. पडवीत गुरुजी चाल परत द्यायचे का?

देवरुखची_लेक

दिवसातून एकदा द्यायचे! तसा करारच होता त्यांचा. तुम्हाला कसं कळलं?

ताई हे मला सुचलंच नव्हतं. मी त्यांच्यासाठी गुरुजींच्या जागी कोणीतरी शोधत होते. शनिवारी गावी जातेय, सगळं करून बघते आणि कळवते.

सोलापुरी_हुरडा

कळवा नक्की. असे धागे अर्धवट राहतात नेहमी.

देवरुखची_लेक

तीन आठवडे झाले, उशीर झाला त्याबद्दल माफी. सविस्तर लिहिते.

श्रेडर विकत घेऊन टाकलं, आणि ड्रॉइडफिश टाकून त्याला पाच सोंगट्यांचं टेबलबेसचं कार्ड जोडलं. हे जोडताना माझा अर्धा रविवार गेला, फोल्डरचा रस्ता नीट सापडत नव्हता, अडीच_घर यांनी व्यक्तिगत निरोपातून मदत केली म्हणून झालं. पाँडरिंग बंद, थ्रेड एक, पट हिरवा, सोंगट्यांची चित्रं चालू. बॅटरी आता दीड दिवस जाते.

पहिल्या दिवशी बाबा टॅब हातात घ्यायलाच तयार नव्हते. मग मीच खेळायला बसले श्रेडरशी, मुद्दाम पडवीत, आणि मला खेळता येत नाही हे त्यांना बघवेना. पाचव्या चालीला म्हणाले सरक. तो डाव त्यांनी वाचवला, बरोबरी केली. दुसरा हरले, तिसरा जिंकले. आठवड्याभरात श्रेडरने त्यांचं रेटिंग साधारण १५०० च्या आसपास आणून ठेवलं आणि आता निम्मे जिंकतात निम्मे हरतात, पटावरची ताई म्हणाल्या होत्या तसंच. "हा घोड्याला घाबरतो" असं काहीतरी त्याच्याबद्दल बोलायला लागलेत. ते खरं आहे का मला कळत नाही, पण आधीच्याबद्दल ते असं कधी बोलले नव्हते.

जुना_पाम काका, तुमची ती एच८ कोपऱ्याची स्थिती मी त्यांना न सांगता ड्रॉइडफिशमध्ये मांडून दाखवली. त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले बरोबरी, चुकीचा उंट आहे. टॅबने पण शून्यच, म्हणजे बरोबरीच दाखवली. मग त्यांनी स्वतःच्या दहा-बारा स्थिती मांडल्या एकामागून एक, हत्ती-प्याद्याच्या, मला तर नावंही माहीत नाहीत. एका ठिकाणी टॅब म्हणाला जिंकतं आणि बाबा म्हणाले बरोबरी. वीस मिनिटं दोघं अडून. शेवटी बाबांनी लाकडी पट खाली काढला फळीवरून, तिथे मांडून बघितलं, आणि मग हसून म्हणाले, "तीस वर्षं मी आणि गुरुजी दोघंही चुकत होतो." लगेच गुरुजींना फोन लावायला आंब्याखाली गेले.

गुरुजींबरोबरचा डाव सुरू आहे, एका चालीला तीन दिवसांची मुदत ठेवलीय पण दोघंही रोज खेळतात. आज सतरावी चाल. चाल परत घ्यायचा करार फोनवर चालू ठेवलाय म्हणे.

जुना_पाम

ताई, डोळ्यांत पाणी आलं वाचून. ती हत्ती-प्याद्याची स्थिती इथे देता येईल का?

देवरुखची_लेक

काका विचारते बाबांना, पण आत्ता ते वेगळ्याच गोष्टीच्या मागे आहेत. उंट आणि घोड्याची मात. एकट्या राजाला उंट आणि घोडा दोन्ही वापरून मात करायची, ते आयुष्यात कधी जमलं नाही त्यांना, गुरुजींनाही नाही, दोघांचा प्रत्यक्ष डावात एकदा असा शेवट आला होता तेव्हा पन्नास चालींत झालं नाही म्हणून बरोबरी झाली होती. आता टेबलबेसविरुद्ध रोज रात्री जेवणानंतर सराव चाललाय.

पटावरची

वा! त्यांना सांगा, पूर्णपणे अचूक खेळलं तर जास्तीत जास्त ३३ चाली लागतात, म्हणजे पन्नासच्या नियमात सतरा चुकांची सवलत आहे. मात उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच होते. उंट पांढऱ्या घरांचा असेल आणि राजा एच८ ला पळाला असेल तर त्याला शेवटच्या ओळीतून ए८ कडे ढकलत न्यायचं. त्यात घोड्याचा रस्ता पाठ करायला सांगा: एफ७, ई५, डी७, सी५, बी७. कागदावर काढलं तर इंग्रजी डब्ल्यू दिसतं. मधे राजा निसटून बाहेर येतोय असं वाटतं तिथेच सगळे घाबरतात आणि घोडा मागे घेतात. मागे घ्यायचा नाही, आपला राजा आणि उंट त्याला अडवतात.

देवरुखची_लेक

ताई तुमचा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवला काल रात्री फोनवर. बाबांनी तो रस्ता कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला. आज सकाळी आईचा फोन आला, रात्री साडेअकराला झाली म्हणे, ४४ चालींत. आता गुरुजींना कधी सांगू म्हणून रेंजची वाट बघत सकाळपासून अंगणात आहेत.